पांढऱ्या टोपीचा सामुराई

९ सप्टेंबर

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. दादाचा उजवा हात आता थोडा वळतो हे वाचून जिवात जीव आला. झटक्यानंतर बोलणं अजून फुटलेलं नाही, असं तुम्ही लिहिता. फुटेल हो. बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांना बाहेरून गप्पा मारत धीर देण्यात त्याचा जन्म गेला. असा माणूस किती दिवस गप्प बसणार?

सोबतच्या खोक्यात माझी मंडळी आहेत, सुट्या भागांची प्लास्टिकची बाहुली; दर महिन्याला धाडत जाईन. बोटांना काम द्या असं डॉक्टर म्हणाले ना, मग याहून चांगलं काम नाही. डोकं काढा, केस बदला, एकाच्या हातातली तलवार दुसऱ्याला द्या. वेगळ्या पुडीत सुटे केस, टोप्या आणि सटरफटर भागही टाकले आहेत. सगळी माझ्याकडची डबल आहेत, त्यामुळे हरवली तरी चालतील. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.

यातला सामुराई नीट बघायला सांगा. त्याच्या डोक्याला दोन तोंडं आहेत, एका बाजूला रागीट आणि दुसऱ्या बाजूला हसरं. जे मागे असेल ते शिरस्त्राणाखाली झाकलं जातं. डोकं फिरवलं की माणूस बदलला! दादाला गंमत वाटेल.

तुम्ही मागे विचारलं होतंत, जगातली सगळी बाहुली सोडून मी जपानी पोशाखातलीच का जमवतो. खरं सांगू? अंगठ्याएवढ्या बाहुल्यावर किमोनो छापायचा, त्याचा पट्टा, फुलं, घड्या सगळं जागच्या जागी, हे येरागबाळ्याचं काम नाही. दातांच्या कवळ्या घडवून माझी नजर तयार झाली आहे तशी. त्यातून कंपनीने ती काढणंच बंद केलं. आम्ही अशांना रिटायर झालेली म्हणतो. दुकानात होती तोवर कुणी ढुंकून बघितलं नाही, आता सगळे शोधत फिरतात. माझ्याकडे एकच कमी आहे, जांभळ्या किमोनोतली पंखेवाली. ती मिळाली की मी सुखाने डोळे मिटायला मोकळा.

मी येणारच होतो, पण दोन दवाखान्यांचं काम अंगावर आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बिनदातांचं ठेवून कसा निघू? पुढच्या महिन्यात नक्की येतो.

आपला,
धाकटा

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज कापतो आणि तुमचा घाईत असतो, म्हणून पत्रच लिहिते आहे.

मी बरी आहे. पडद्यांच्या दुकानात पुन्हा जायला लागले. मशीनवर बसलं की कुणाशी बोलावं लागत नाही, ते बरं वाटतं. हे गेल्यावर ह्यांची खाट देऊन टाकली. भिंतीवर तिच्या कडेची रेघ उमटली आहे, ती पुसायला हात होत नाही. परवा शेजारणीच्या पुतण्याने रंग देऊ का विचारलं. नको म्हटलं.

सोबत बिस्किटांचा डबा पाठवते आहे. तुम्ही धाडलेली माणसं त्यात आहेत. ती आता तुमच्याकडेच असू देत. सगळ्यात वर कापूस आहे आणि कापसाखाली हिरवी पट्टी, तिच्यावर उभी केलेली माणसं आहेत. ती आधी बघा. घाई करू नका. नीट बघा आणि जे दिसेल ते मला सविस्तर लिहा.

मी मुद्दामच काही सांगत नाही. तुम्हाला कळेलच.

तुमची,
वहिनी

१७ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

वहिनी, कापूस उचलला आणि मी कारखान्यातल्या कारखान्यात ओरडलो! मदतनीस बाई धावत आल्या, त्यांना वाटलं भट्टीत हात भाजला. ‘तुम्हाला कळेलच’ म्हणे! न कळायला काय झालं? पंखेवाली! जांभळा किमोनो, पट्ट्यावरची सोनेरी रेघसुद्धा शाबूत. मी वर्षानुवर्षं जिच्यासाठी दारोदार फिरलो, ती दादाच्या डब्यात? त्याने ती आणली कुठून? आणि मला कळवलं कसं नाही तुम्ही कुणी?

सविस्तर लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. पण दादाने काय गोंधळ घालून ठेवला होता, काय सांगू! एक सामुराई चिलखत काढून उघड्या डोक्याने पट्टीवर आडवा टाकलेला. त्याच्या उशाशी एक किमोनोवाली, पण डोक्यावर केस भलत्याच बाहुलीचे, साधा अंबाडा, आणि हातात एक बारीक सळई. पंखेवाली मधोमध, बिचारी रिकाम्या हाताने उभी. तिचा पंखा कुठे असावा? पार टोकाला उभ्या असलेल्या दुसऱ्या सामुराईच्या हातात! तोच तो दोन तोंडांचा. आणि या पठ्ठ्याच्या डोक्यावर शिरस्त्राणाऐवजी आचाऱ्याची पांढरी टोपी. लढाई सोडून स्वयंपाकाला लागला होता वाटतं. मी एकटाच खो खो हसलो. किती दिवसांनी हसलो.

मग बाह्या सरसावल्या. सगळ्यांची डोकी, केस, हात सुटे केले आणि कोमट पाण्यात साबण घालून आंघोळ घातली. कवळीतला एक दात दुसऱ्याच्या जागी बसला तर माणसाला घास चावता येत नाही. बाहुल्यांचंही तसंच आहे. कॅटलॉग समोर उघडून एकेकाला आपापल्या रूपात आणलं. सामुराईला शिरस्त्राण चढवलं, रागीट तोंड पुढे, कंपनीने दिलं होतं अगदी तसं. पंखेवालीला तिचा पंखा. अंबाडा आणि पांढरी टोपी या बिनकामाच्या वस्तू चष्मेवाल्याला देऊन टाकल्या. तो आम्हा बाहुली जमवणाऱ्यांतलाच एक, चष्म्याचं दुकान आहे, पण त्याचा जीव आचारी-हलवायांच्या बाहुल्यांत. त्याने बदल्यात एक तलवार दिली.

आता सगळे काचेच्या कपाटात वरच्या फळीवर उभे आहेत. खाली ‘दादाकडून’ अशी चिठ्ठी लावली आहे. तुम्ही बघाल तर ओळखणार नाही!

आपला,
धाकटा

२२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र दुकानातच उघडलं. मशीन बंद करून पुन्हा वाचलं.

तो गोंधळ नव्हता. ते ह्यांचं बोलणं होतं.

ह्यांची वाचा गेली ती परत आली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पाटी दिली, तर अक्षरं उमटेनात. चित्रांचा तक्ता दाखवला, तर मान फिरवली. मी काय कुकुलं बाळ आहे का, असा चेहरा. मग तुमचं खोकं आलं. पहिले काही दिवस नुसती डोकी काढली आणि घातली. एका सकाळी मी खोलीत गेले, तर खिडकीच्या कठड्यावर एक सामुराई आडवा आणि त्याच्या उशाशी अंबाडेवाली बाई, हातात सळई. माझा अंबाडा, माझी सुई. मी रडले आणि हे हसले.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. पुढच्या खोक्यांतही तुम्ही दोन तोंडांची डोकी पाठवलीत; ज्याच्यावर खूश त्याचं हसरं तोंड पुढे, ज्याच्यावर रुसले त्याचं रागीट. चहा पाणचट झाला की अंबाड्याखालचं तोंड फिरलंच म्हणून समजा. डॉक्टर आले, फिजिओवाली आली, की त्यांचीही बाहुली निघायची. डॉक्टरांचं तोंड नेहमी रागीट.

पांढरी टोपी कोण, हे मी सांगायला हवं का? दिवसभर डोक्यावर काय घालून बसता तुम्ही कारखान्यात?

शेवटच्या दुपारी मी पडदे पोचवायला गेले होते. परत आले तेव्हा ह्यांची शुद्ध हरपली होती आणि पट्टी मांडीवर होती. वरून मला टोपी आणि केस एवढंच दिसलं. पांढरी टोपी दिसली म्हणजे हे तुमच्यासाठी आहे. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडायची मला सवय नाही. मी पट्टी कपाटावर ठेवली आणि वर वाटी पालथी घातली. वाटलं, तुम्ही याल तेव्हा तुमच्या हाताने उचलाल. हे गेल्यावर तुम्ही आलात, बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखे उभे राहिलात आणि संध्याकाळच्या गाडीने गेलात. आत पाऊलसुद्धा टाकलं नाहीत. राग होता माझ्या मनात, नाही म्हणत नाही. म्हणूनच डब्यासोबत काही लिहिलं नाही. म्हटलं, सख्खा भाऊ आहे, ओळखेल.

मला एकच सांगा. पांढऱ्या टोपीखाली कुठलं तोंड पुढे होतं? हसरं की रागीट?

वहिनी

१४ मार्च

ती. वहिनीस,

किती पत्रं लिहिली आणि फाडली. हे तरी टपालात टाकीन.

मला आठवत नाही.

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण खरंच आठवत नाही. माझ्याकडे येणारा दातांचा प्रत्येक ठसा माझ्या लक्षात राहतो. कुणाची दाढ वाकडी, कुणाच्या कुठल्या बाजूला फट, रस्त्यात माणूस हसला तर सांगेन की कवळी माझ्या हातची. आणि दादाने शेवटचं मांडलेलं तोंड मी बघितलंच नाही! टोपी चुकीची आहे, एवढंच बघितलं. ती काढली आणि डोकं साबणाच्या पाण्यात टाकलं. फोटो मी नेहमी काढतो, पण बाहुलं नीट झाल्यावर काढतो. विस्कटलेल्याचा फोटो कोण काढतो?

रोज डोळे मिटून बसतो. कधी वाटतं हसरं होतं, टोपीच्या खाली पांढऱ्या दातांची रेघ दिसली होती. मग वाटतं, ते दात कारखान्यातले, दिवसभर तेच तर बघतो मी. कधी रागीट भुवया दिसतात. पण त्या तर मीच पुढे करून ठेवल्या आहेत कपाटात, म्हणून दिसत असतील.

चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने ती टोपी आपल्या एका आचाऱ्याच्या डोक्यावर चढवून काचेत ठेवली होती. मी सगळं सांगितलं. एरवी वस्तू द्यायची म्हटलं की घासाघीस करणारा माणूस, त्याने लगेच टोपी काढून हातात दिली. अंबाडाही दिला. तलवार परत घेत नव्हता, मी टेबलावर ठेवून आलो.

वहिनी, मी उन्हाळ्यात एकदाच आलो होतो ना, तेव्हा तुम्ही औषध आणायला गेलात. दादाने माझा हात धरला आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. जो आवाज आला तो मला सहन झाला नाही. मी खिडकी लावायचं निमित्त करून उठलो. नंतर हिंमतच झाली नाही. खोकी पाठवत राहिलो. खोकं बांधताना वाटायचं, आपण दादाचं करतोय.

तुम्ही वरून का होईना बघितलं होतंत. पट्टी उचलून कपाटावर ठेवलीत, डब्यात ठेवलीत, थोडं तरी नजरेला पडलं असेल. आठवून बघा. तुम्ही लिहाल ते मी मान्य करीन.

धाकटा

२१ मार्च

प्रिय भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

काल ‘हसरं होतं’ असं लिहून पाकीट बंद केलं होतं. आज सकाळी ते फोडलं. मी पाहिलं नाही हो. खोटं लिहिलं असतं तर तुम्ही मानलंही असतंत, पण मग कपाटासमोर उभे राहून रोज विचार केला असतात की वहिनी मन राखायला बोलली का. त्यापेक्षा मला ठाऊक आहे तेवढं सांगते.

पांढऱ्या टोपीवाला रोज खिडकीत असायचा. बाकीची माणसं कामापुरती निघायची आणि डब्यात जायची, पण तो तिथेच. दाराच्या दिशेने उभा. तुमचं खोकं आलं की ह्यांनी त्याचं हसरं तोंड पुढे करावं. मग मी आतली चिठ्ठी वाचून दाखवायची, तिच्यात ‘पुढच्या महिन्यात नक्की’ असायचं. लगेच डोकं फिरलं! रागीट. संध्याकाळी दिवा लावायला गेले की तो पुन्हा हसरा झालेला असायचा. दर वेळी. राग ह्यांना दिवसभरसुद्धा पुरवता आला नाही कधी.

त्या दिवशी सकाळीच तुमचं खोकं आलं होतं. जाताना मी चिठ्ठी वाचून दाखवली होती. आणि संध्याकाळ झालीच नाही.

पंखेवालीचं सांगायचं राहिलं. ह्यांचा जुना सोबती अजून लिफ्टच्या कामाला गावोगाव जातो. ह्यांनी तुम्ही खोक्यातून पाठवलेल्या कॅटलॉगमधल्या तिच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मग पांढरी टोपी त्याच्या तळहातावर ठेवली. तो समजला. कुठल्याशा जुन्या खेळण्यांच्या दुकानातून शोधून आणली त्याने. मी म्हटलं, पोस्टाने पाठवते, खूश होतील भाऊजी. ह्यांनी तिला मुठीत धरलं ते सोडेनात. तुमच्या हातात द्यायची होती.

तुम्ही हसत हसत लिहिलेल्या पत्रावरून मी ती पट्टी मनात पुन्हा मांडली. तुम्ही एवढं बारकाईने लिहिलंत, त्याचे उपकारच मानायचे. ह्यांना म्हणायचं होतं, मी आडवा आहे, ही माझ्या उशाशी आहे. मधली तुझी आहे, तिचा पंखा तुझ्या हातात दिला, आता ती घेऊन जा. एवढं कळलं मला. ‘घेऊन जा’ हे कुठल्या तोंडाने म्हणाले, तेवढंच गेलं.

दोष एकट्या तुमचा नाही. मी सरळ दोन ओळी लिहायला हव्या होत्या. तुम्हाला परीक्षेला बसवलं आणि ह्यांचं शेवटचं बोलणं माझ्याही हातून निसटलं. रात्रंदिवस मशीन चालवते, पण हे काही शिवता येत नाही.

तुमची,
वहिनी

३ एप्रिल

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून तुम्हाला हसू येईल, म्हणून तिकीट काढल्यावरच लिहायला बसलो. दोन्ही दवाखान्यांना कळवलं आहे. एका डॉक्टरांनी विचारलं, इतक्या तातडीचं काय आहे? मी म्हटलं, एक पट्टी पोचवायची आहे.

काचेचं कपाट रिकामं केलं. पट्टी पुन्हा मांडली आहे, मी लिहिलेलं आणि तुम्ही त्याचा लावलेला अर्थ आठवत. आडवा सामुराई आडवा केला, चिलखत काढलं. त्याच्या उशाशी अंबाडेवाली, सळईसकट. ही सळई मी बिनकामाची म्हणून टाकायला निघालो होतो, फडक्यात अडकून राहिली म्हणून वाचली. पंखेवाली मधोमध. ती मी आता माझी म्हणून ठेवीन की नाही, माहीत नाही. दादाने दिली म्हणजे ठेवायला हवी. पण तिच्याकडे बघितलं की आनंद होत नाही, वहिनी. तिच्यासाठी इतकी वर्षं फिरलो आणि ज्या घरात ती माझी वाट बघत होती तेवढ्याच घरी गेलो नाही.

शेवटी पांढरी टोपी चढवायला घेतली आणि हात थांबला. टोपी घातली की एक तोंड झाकावंच लागतं. हसरं पुढे करावं, तर दादाच्या नावावर माझ्या मनासारखं लिहिल्यासारखं होतं. रागीट करावं, तर संध्याकाळ होऊ दिली नाही त्याची. खूप वेळ ते डोकं बोटांत धरून बसलो.

मग त्याला टोपी न घालताच उभा केला, पंखा हातात देऊन. उघड्या डोक्याला दोन्ही तोंडं दिसतात. पुढून बघणाऱ्याला एक, मागून बघणाऱ्याला दुसरं. पट्टी तुमच्या खिडकीत ठेवू. तुम्ही आतून बघा, मी येताजाता बाहेरून, दाराशी उभा राहून बघेन.

टोपी माझ्या खिशात आहे. तुमच्याकडे देऊन टाकीन. माझ्या हातून ती आता कधीच घातली जायची नाही.

आपला,
धाकटा